आपाच्या टाकीतले दगड

आपा टाकीतलं पाणी तोंडाने ओढायचा. दर शनिवारी सकाळी. रबरी नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. गाल आत जाईपर्यंत ओढायचं आणि नळी पटकन बादलीत सोडायची. पटकन म्हणायचं एवढंच. चारातल्या तीन वेळा माशांच्या घाणीचं पाणी त्याच्या तोंडात जायचं. वहिनी तांब्या घेऊन शेजारी उभी राहायची आणि शिव्या घालायची. तो थुंकायचा, चूळ भरायचा आणि म्हणायचा, "पाणी कसा आसा ता चवीन कळता." मला ते बघून चहा नको व्हायचा.

आपा माझा थोरला भाऊ. तोंडवलीत त्याला टाकीवाला म्हणत. समुद्र हाकेवर, मासा म्हणजे कालवण नाहीतर तळण, आणि या माणसाने पडवीत चार फुटांची काचेची टाकी ठेवून त्यात न खायचे मासे पाळलेले. रापणीचं जाळं ओढून परतणारे लोक कुंपणावरून विचारत, "आपा, ह्येंचा तिखला कधी?" आपा म्हणायचा, "आधी तुमचो मसालो वाटून होव दे."

मुंबईत तो आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत होता. माणसं अडकली की वरून काढायचा. "लिफ्ट अडाकली काय पाच मिन्टांत कळता, कोण कोणाक चावतलो," तो सांगायचा. निवृत्त होऊन गावी आला तो ही टाकी घेऊनच. बाकीचे लोक मिक्सर आणतात.

घाणीला अंत नव्हता. फ्रिजमध्ये कोकमाच्या आगळाशेजारी तो एका डबीत लाल किडे ठेवायचा. केसासारखे बारीक, एकमेकांत गुंता करून वळवळणारे. माशांचं खाणं. मी एकदा आगळ समजून ती डबी उघडली. नंतर चार दिवस सोलकढी माझ्या घशाखाली उतरली नाही. आपाला काही वाटलं नाही. त्याने डबी बघितली आणि विचारलं, "सांडले तर नाय मां?"

एक बोटाएवढा काळा मासा होता, शेपटी लाल. आपा म्हणाला, ही शार्क. आमच्याकडे शार्कला मोरी म्हणतात आणि ती कापायला चांगला कोयता लागतो. मी म्हटलं, "ह्या मोरीचा कालवण चमच्यात मावतला." दुसरा एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होता, त्याचं नाव आपाने कैदी ठेवलं होतं. तो टाकीच्या कोपऱ्यातल्या दगडाखाली राहायचा आणि जवळ येईल त्याच्या अंगावर जायचा. मला तो मासा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. दिसायला वहिनीसारखा होता.

हे मासे सगळेच थोडे भांडखोर. म्हणून एकाशेजारी दुसरा कुठला ठेवायचा हे आपा सोयरीक बघावी तसं बघायचा. कुडाळला एका दुकानात जाऊन स्टुलावर दोन दोन तास बसायचा. दुकानदार वैतागून म्हणायचा, "आपानु, मासो व्हयो काय सून बघूक इलास?" आपा ढिम्म. कोण वर पोहतो, कोण तळाला, कोणाचं तोंड केवढं, सगळं बघणार आणि बऱ्याचदा काही न घेता परत येणार. त्याचा पहिला नियम होता, "जो तोंडात मावता तो सोबती नाय, तो घास." पट्ट्यांचे छोटे मासे होते, बार्ब म्हणायचा त्यांना. ते त्याने मोजून आठ आणले होते. चार का नाही, तर म्हणे, "चार आसले तर दुसऱ्याक चावतले. आठ आसले तर आपसांतच चावत बसतत, दुसऱ्यासाठी येळ खंय?"

त्याच्या सुनेने एकदा मुंबईहून पिशवीतून एंजल मासा आणला, झालरीसारख्या लांब लांब परांचा. सून चांगली आहे, पण तिला विचारायची सवय नाही. बार्बांनी त्या झालरीच्या चिंध्या केल्या असत्या. आपाने तिला तसं सांगितलं नाही. वहिनीची काजूगराची काचेची बरणी रिकामी केली, त्यात एंजल सोडला आणि म्हणाला, "राजकन्येक येगळी खोली." सून खूश झाली. वहिनी महिनाभर बोलली नाही.

आता माझं सांगते. माझा नवरा वारला तेव्हा मी सासरी एकटी उरले. मूलबाळ नाही. दिरांनी जा म्हटलं नाही, पण हळूहळू ये म्हणणंही सोडलं. आपा येऊन माझी ट्रंक घेऊन गेला. मला भीती वहिनीची होती. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालायची यावरून आमचं एका गणपतीत वाजलं होतं, आणि त्यानंतर आम्ही एकमेकींशी आपामार्फत बोलायचो. तिचं स्वयंपाकघर म्हणजे तिचंच. तिथे तिने मला टिकू दिलं नसतं, तर मला जायला तिसरं घर नव्हतं.

आले त्या संध्याकाळी वहिनी सातेरी देवीच्या देवळातून परतली आणि मी चहा ठेवायला उठले. चहापूड सापडेना. वहिनी मागून आली, माझ्या हाताखालून फळीवर हात घातला, तिलाही सापडेना. तिथे पोहे होते. साखरेच्या जागी हळद. तांदळाच्या पिंपात सुकी मासळी. मिठाचा डबा तर चुलीजवळून उचलून थेट मागच्या खिडकीत, केरसुणीशेजारी. बिनडोकपणाचा कळस होता.

"वैनी, चायपूड खंय आसा?" मी विचारलं. कितीतरी वर्षांनी तिच्याशी सरळ बोलले.

"माकाच गावना नाय," वहिनी म्हणाली. "ह्येंनी सगळा हलवल्यानी. वन्सं, तुमचो भाव पिसाळलो."

"तो ल्हानपणापासून तसोच."

"माका लग्नाआधी कोणी सांगूक नाय."

आपा पडवीत टाकीसमोर बसून होता. झुरळांचं औषध मारलं म्हणून हलवलं, म्हणाला. औषधाचा वास नव्हता. आम्ही दोघी त्याला शिव्या घालत घालत डबे उघडत राहिलो. कुठे काय आहे ते महिनाभर दोघींनाही एकमेकींना विचारावं लागलं.

त्याचं कारण मला कळलं ते माझ्या चुकीमुळे. आपा एक दिवस तालुक्याला गेला होता. लाल किडे संपले होते आणि मासे काचेला तोंडं लावून होते. मी मूठभर सुकट टाकली, आपली खारवलेली. माणसाला चालते, माशाला का नाही? सकाळी टाकी पेजेसारखी पांढरी झाली होती आणि वास असा की मासळीबाजार बरा. चार बार्ब उलटे तरंगत होते. आपाने अर्धंअर्धं करत तीन दिवस पाणी बदललं, तोंडाने ओढून. मला त्याची किळस आली आणि माझीही आली.

उरलेल्या चार बार्बांनी शार्कची शेपटी कुरतडायला घेतली. आपा कुडाळहून नवे चार घेऊन आला. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली आणि सोडण्याआधी हात घालून टाकीतले सगळे दगड उचलले. उजवीकडचे डावीकडे. कैद्याचा दगड मधोमध. कैदी वेड्यासारखा कोपऱ्यात फिरत होता. मग नवे सोडले. कोणी कोणाला चावलं नाही.

"दगड कित्याक हलवलंस?" मी विचारलं.

"जुन्याक वाटता, ह्यो कोनो माजो. नयो इलो काय मारता. दगड हलवले काय कोणाचाच कायच नाय. सगळेच नये." तो हात पुसत होता. "मग बसतत शोधत."

"आणि मिठाचो डबो?" मी विचारलं.

"तो पण दगडच गो, बाय."

मला राग आला. मला आणि वहिनीला त्याने बार्बांत काढलं होतं. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. वहिनीशी बोलले.

आपा या वैशाखात गेला. पडवीत खुर्चीवर बसल्या बसल्या. त्रास झाला नाही, दिलाही नाही. त्याचे दिवस झाल्यावर सुनेने मुंबईला जाण्याआधी आमच्यासाठी स्वयंपाकघर नीट लावून दिलं. मीठ चुलीजवळ, साखर साखरेच्या जागी, तांदळाच्या पिंपात तांदूळ. "आता तुम्हा दोघींना शोधावं लागणार नाही," म्हणाली. आम्ही मान डोलावली. तिची गाडी वळणावर गेली तशी मी आत आले, मीठ उचलायला. डबा चुलीजवळ नव्हता. वहिनी माझ्या आधी पोचली होती. मी चहापूड हलवली.

शनिवारी टाकी हिरवी दिसत होती. वहिनी म्हणाली, "माज्यान व्हायचा नाय." मी नळी घेतली, एक टोक टाकीत टाकलं, दुसरं तोंडात धरलं आणि ओढलं. पटकन सोडायला जमलं नाही. शेवाळ, किडे, माशांची घाण, सगळं एकदम घशापर्यंत. एवढं घाणेरडं पाणी मी जन्मात चाखलेलं नाही, आणि तो माणूस ते दर शनिवारी चाखत होता.

मी थुंकले. वहिनी तांब्या घेऊन शेजारी उभी होती.

"वन्सं, चूळ भरा," ती म्हणाली, आणि शिव्या घालायला लागली.