दारातली खुर्ची

दुकान बारा फूट लांब, आठ फूट रुंद. त्यात दोन खुर्च्या, दोन आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि केस कापणारे दोन सख्खे भाऊ. बाकीचं सगळं नीट मावलं होतं, भाऊच तेवढे मावत नव्हते. गल्लीला अर्थात याचा पत्ता नव्हता. गल्ली म्हणायची, भाऊ असावेत तर असे. तीस वर्षं शेजारी शेजारी कात्री चालवतायत, पण कधी कुणाचा आवाज चढला नाही. ते खरंच होतं. आवाज चढवायला भांडण लागतं आणि भांडायला दोघं लागतात. इथं जळायचं काम थोरला एकटाच करत होता.

वडिलांनी जाण्याआधी वाटणी करून दिली होती. दारातली खुर्ची थोरल्याची, भिंतीकडची धाकट्याची. दारातली खुर्ची म्हणजे भरपूर उजेड, मोठा आरसा आणि आत येणाऱ्याची पहिली नजर. थोरल्याला वाटलं, जिंकलो. पण गिऱ्हाईक आत यायचं, त्याच्याकडे बघून मान डोलवायचं आणि सरळ बाकावर जाऊन पेपर उघडायचं.

"या ना, खुर्ची मोकळीच आहे," थोरला म्हणायचा.

"असू दे, असू दे. मला घाई नाही. भाऊचं होऊ दे."

घाई नाही! हातात बॅग, ऑफिसची वेळ टळून गेलेली, आणि म्हणे घाई नाही. थोरला रिकाम्या खुर्चीवर फडकं मारत राहायचा. दिवसातून इतक्या वेळा मारायचा की त्या खुर्चीवर धुळीचा कण टिकला असता तर नवल.

धाकट्याचं एकूण एक त्याच्या डोळ्यांत खुपायचं. पन्नाशी आली तरी धाकट्याच्या डोक्यावर रान माजल्यासारखे केस, आणि थोरल्याला तिशीतच टक्कल. केस कापणाऱ्यालाच टक्कल असलं की गिऱ्हाईक आरशात बघून गालातल्या गालात हसतं. त्यातून धाकट्याला शीळ घालायची सवय. दिवसभर उभं राहून काम केल्यावर माणसाने कसं गुपचूप घरी जावं. हा शीळ घालत जायचा, जशी काही आत्ताच झोप झाली आहे.

आणि थोरल्याची टाच? ती आठ महिने दुखत होती. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल खाली टाकलं की उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. भिंत धरून दहा पावलं टाकली की जरा ओसरायची. मग दुपारी तळव्याची कमान ताणायला लागायची, ती दुकान बंद होईपर्यंत. तळपायाची आग मस्तकात गेली असं लोक नुसतं म्हणतात. त्याची रोज तीनच्या सुमाराला खरोखर जायची.

"अहो, भावजींना सांगा ना," बायको म्हणाली. "चार दिवस सांभाळतील ते दुकान. तुम्ही बसा घरी."

"त्याला सांगू? म्हणजे माझ्याकडे येणारे उरलेसुरले चारही त्याच्या खुर्चीत! झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाका हो, पण पाय कुठे झाकाल? लंगडताय तुम्ही."

तिच्या शिवणाच्या कारखान्यातल्या एका बाईची टाच एका कायरोप्रॅक्टरकडे बरी झाली होती. औषध नाही, इंजेक्शन नाही, हातानेच सांधे मोकळे करायचे, एवढं कळल्यावर थोरला दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. आपल्या भागातला डॉक्टर नकोच होता. कुणी बघितलं असतं तर?

रंगाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्या कायरोप्रॅक्टरची खोली होती. डॉक्टरीण त्याच्या मुलीएवढीच, बाह्या दुमडलेल्या, मनगटं मात्र पैलवानाची. तिने आधी पायाला हातच लावला नाही. अनवाणी चालवलं, एका पायावर उभं केलं, मग त्याचे बूट उचलून तळ उलटे करून बघत बसली. थोरल्याला लाज वाटली. बूट दाखवायला आणले नव्हते त्याने.

मग तिने त्याला अरुंद टेबलावर पालथं झोपवलं, गुडघ्यातून पाय दुमडला आणि टाच तळहातात धरली.

"श्वास सोडा."

टक्! थोरल्याला वाटलं, गेला पाय. पण गेला नव्हता, उलट घोट्यात बऱ्याच दिवसांनी वारा खेळल्यासारखं झालं. मग तिने पावलाची लहान लहान हाडं एकेक करून दाबली आणि अंगठा कमानीतून टाचेकडे सरकवत नेला. नेमकं दुखतं तिथं आल्यावर त्याच्या तोंडून आईचं नाव निघालं.

"उभ्याचं काम?"

"हो. केस कापतो."

"कसे उभे राहता, दाखवा बरं."

तो एका स्टुलाशेजारी उभा राहिला आणि हवेतच कात्री चालवू लागला. तिने दोन मिनिटं निरखलं.

"उजवा पाय सारखा खाली जातोय आणि आत कलतोय. तिथली फरशी उतरती आहे का?"

"छे छे! दुकान एकदम सपाट आहे."

"तुमचे बूट वेगळं सांगतायत," ती म्हणाली, आणि तळव्याखाली फिरवायला एक कडक चेंडू देऊन तिने त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा यायच्या आधी थोरल्याने दुकान उघडलं आणि तो चेंडू आपल्या उभं राहायच्या जागेवर ठेवला. चेंडू क्षणभर थबकला, मग दाराकडे निघाला, उंबऱ्याच्या कडेने वळला आणि पाणी जायच्या भोकाशी जाऊन थांबला. तोच चेंडू भिंतीकडच्या खुर्चीजवळ ठेवला तर जागचा हलेना. दुकान धुतलं की पाणी बाहेर पडावं म्हणून वडिलांनीच दाराशी उतार ठेवला होता. वडीलही शेवटी लंगडायचे. सगळे म्हणायचे, वय झालं.

म्हणजे धाकट्याचा डोळा पडू नये म्हणून जी जागा तीस वर्षं जपली, तीच पाय खात बसली होती. आणि धाकटा तिकडे सपाट फरशीवर शीळ घालत होता! थोरला इतका संतापला की त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाचे कल्ले खालीवर कापले.

"जागा बदला," पुढच्या खेपेला डॉक्टरीण म्हणाली. "नाहीतर सुताराकडून एक फळी एका बाजूने तासून आणा, उतार भरून निघेल. तुम्ही रोज दहा तास तिथंच उभे राहणार असाल तर मी काय करणार?"

फळी! फळी टाकली की दहा जण विचारणार, कशाला टाकली. आणि धाकट्याला कळणार की दादा इतकी वर्षं छाती फुगवून वाकड्या जागी उभा होता. त्यापेक्षा दुसरी वाट बरी. तीच त्याने धरली, आणि ती धरताना त्याच्या मनात काय होतं ते लपवण्यात अर्थ नाही. बघू दे यालाही, दारातली खुर्ची काय असते ती.

"ही खुर्ची आता तू घे," एका सकाळी तो म्हणाला.

धाकटा ॲप्रन बांधत होता. "मी? का रे दादा?"

"गिऱ्हाईक तुझं जास्त, उजेड तुला हवा. माझं काय, मी आता उतरणीला लागलो."

धाकटा बराच वेळ खाली बघत राहिला. थोरल्याला वाटलं, डोळे भरून आले असणार. मग धाकटा एवढंच म्हणाला, "बरं."

गल्लीत बोभाटा झाला. थोरल्याने मनाने खुर्ची दिली म्हणे! शाळेतले मास्तर मुद्दाम भिंतीकडच्या खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "मन मोठं लागतं त्याला." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी थोरल्यासाठी बाकावर थांबलं. इकडे उपचार चालूच होते. सहा खेपा झाल्या, रोज सकाळी पायरीवर उभं राहून पोटरी ताणायची, रात्री जेवणाआधी तळव्याखाली चेंडू. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला आणि कळ आलीच नाही. तो परत बसला आणि खात्री करायला पुन्हा उठला.

त्याच सुमाराला धाकट्याची शीळ बंद झाली. आधी तो पाय बदलून उभा राहायला लागला, मग खुर्चीच्या पाठीला रेलायला लागला, आणि पावसाळा सरता सरता उघड लंगडायला लागला. खोटं कशाला बोला, थोरल्याला बरं वाटलं. पण ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. जो तो धाकट्याला विचारायला लागला. भाऊ, पायाला काय झालं? भाऊ, गरम पाण्यात बुडवून बघा. मास्तरांनी आपल्या घरचं मलम आणून दिलं. थोरल्याच्या मनात आलं, माझी टाच आठ महिने ठणकली तेव्हा कुठे होते हे सगळे? दुखणं आपणच लपवलं होतं, हे त्याला सोयीने आठवलं नाही.

एका दुपारी दुकान रिकामं होतं. धाकटा बाकावर बसून मोजा काढून टाच चोळत होता.

"दादा, मी सोडावं म्हणतो."

"काय सोडावं?"

"हे. मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात माणूस हवाय. बसून काम आहे. आता उभं राहवत नाही रे."

थोरल्याने दोन्ही खुर्च्यांकडे बघितलं. दोन्ही त्याच्या. दोन्ही आरसे, सगळी गिऱ्हाइकं त्याची. भाऊचं होऊ दे, असं म्हणायला भाऊच नसणार. तीस वर्षं मनातल्या मनात मागितलेलं सगळं कोणीतरी ताटात वाढून समोर ठेवलं होतं, आणि घास काही गिळवेना. आता बोललं नाही तर हा खरंच जाईल. बोललं तर आपण कोण आहोत ते त्याला कळेल.

"दाराशी फरशी उतरती आहे," तो म्हणाला. "त्याने होतं ते. मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तुला दिली."

धाकट्याने टाच चोळणं थांबवलं नाही. "मलाही ठाऊक होतं."

"तुला? कधीपासून?"

"बाबा होते तेव्हापासून. त्यांचे बूट दुरुस्तीला मीच न्यायचो ना. कायम एकच बाजू झिजलेली. ते गेल्यावर तुला दोनदा म्हणालो, दादा, तिथं नको उभा राहूस, अदलाबदल करू. तू म्हणालास, माझ्या खुर्चीवर डोळा आहे तुझा. मग नाही बोललो."

थोरल्याला आठवलं. असंच म्हणाला होता तो. घरी जाऊन बायकोलाही म्हणाला होता, बघ, आलं की नाही पोटातलं ओठावर.

"मग आता घेतलीस कशाला? माहीत असून?"

धाकटा जरा ओशाळला. "तू आपण होऊन मला कधी काही दिलं होतंस का, दादा? पहिल्यांदाच दिलंस. नको कसं म्हणू?"

थोरला याच्या केसांवर जळला होता, गिऱ्हाइकांवर जळला होता, साध्या शिळेवरसुद्धा जळला होता, पण आजच्याइतका कधीच जळला नव्हता. हे असं वागणं याला जमतं आणि आपल्याला सुचतही नाही, हे आता मरेपर्यंत पोटात दुखणार होतं.

त्याने दार लोटलं, धाकट्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"अरे, काय करतोस? ऊठ, कोणी येईल."

"येऊ दे." थोरल्याने कमानीतून टाचेकडे अंगठा सरकवला. "इथं?"

"थोडं वर," धाकटा म्हणाला.