मावशींच्या फळीवरचा प्रसाद

आमच्या ऑफिसात बायकांसाठी एक स्वच्छतागृह होतं आणि त्याची किल्ली मोठ्या क्लार्कच्या खणात असायची. किल्ली हवी तर सात-आठ पुरुषांच्या टेबलांमधून वाट काढत जायचं आणि हळू आवाजात "सर, किल्ली" म्हणायचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी हे दोनदा केलं, मग सोडून दिलं. त्यापेक्षा रस्ता ओलांडून किल्ल्याच्या अंगाला असलेल्या सार्वजनिक संडासात जाणं सोपं होतं. वीस वर्षं मी तेच केलं. शहर कसं असावं याचे नकाशे ज्या शाखेत तयार होतात, त्याच शाखेत मी कामाला होते, हेही इथेच सांगून टाकते. हसायचं असेल तर हसून घ्या.

त्या संडासाच्या दारात टेबल मांडून एक मावशी बसायच्या. कुंभारीहून रोज सकाळी बसने यायच्या. आधी घरी विड्या वळायच्या, नवरा गेल्यावर ठेकेदाराकडे हे काम मिळालं. घरात तेलुगू, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी मराठी नाहीतर कानडी, आणि समोरच्या चादरींच्या दुकानदाराशी भांडायचं असेल तर उर्दू. जागा मात्र अशी ठेवायच्या की फिनेलचा वास चौकापर्यंत यायचा. एखादी बाई पाणी न टाकता बाहेर आली, तर तिला सगळ्यांदेखत परत आत पाठवायच्या, मग ती कितीही भारी साडीतली असो.

मावशींच्या डोक्यावर भिंतीला एक लाकडी फळी होती. तिच्यावर पुड्याच पुड्या असायच्या. तुळजापूरचं कुंकू, पंढरपूरचे चुरमुरे, गाणगापूरचं भस्म, अक्कलकोटची खडीसाखर. आमचं गाव देवांच्या वाटेवर आहे. ज्याला त्याला कुठे ना कुठे दर्शनाला जायचं असतं आणि त्यासाठी सोलापूर ओलांडावं लागतं. जीपगाड्या किल्ल्यापाशी थांबल्या की बायका उतरून मावशींकडे यायच्या. मावशी सगळ्यांना एकच सांगायच्या, "जाताना थांबलात, तसं येताना बी थांबा की." आणि त्या थांबायच्या. दर्शन करून आलेली बाई भेटेल त्याच्या हातावर प्रसाद ठेवते, तसा मावशींच्या हातावर ठेवायच्या.

मी गेले की मावशी फळीवरचं काहीतरी काढून माझ्यापुढे धरायच्या. "हात धुतला न्हवं? मग घ्या. परसादाला न्हाय म्हणू ने."

"तुम्ही स्वतः कधी गेलात का तुळजापूरला?" मी एकदा विचारलं.

"सुट्टी कुटं हाय? देवच येतोय की हितं, पुडीतनं."

कोरोनाची दोन वर्षं ती फळी रिकामी होती. नंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, फळी भरू लागली, आणि त्याच सुमाराला आमच्या ऑफिसात पर्यटनाला उभारी देण्याचा आणि शहराचा मध्यभाग सुधारण्याचा आराखडा आला. तो करायला बाहेरची एक सल्लागार कंपनी नेमली होती. त्यांची तरुण मंडळी पडद्यावर नकाशे दाखवत, आणि प्रत्येक नकाशात एक मोठा प्रश्न असे: भाविक शहरातून जातात, पण शहरात थांबत का नाहीत? उत्तर शोधायला सर्व्हे करायचा ठरलं. किल्ल्याजवळच्या चौकाचं काम माझ्याकडे आलं.

दोन दिवस मी मावशींच्या शेजारी, लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, आपण शहरात कुठे थांबलात? खाली चौकोन होते: किल्ला, तलाव, मंदिर, बाजारपेठ, हॉटेल, इतर. 'इतर'पुढे टिंबांची एक ओळ, तपशील लिहायला.

गाड्या येत होत्या, बायका उतरत होत्या. मी विचारायची, कुठे थांबलात? बायका माझ्याकडे बघायच्या, मग संडासाकडे. "हितंच की," म्हणायच्या. दोन दिवसांत मला जे दिसलं ते कुठल्याही सल्लागाराला दिसलं नसतं. बायकांची रांग लागली की पुरुषांना वेळ घालवायचा असतो. ते चहा प्यायचे, मग समोरच्या दुकानात चादरी उलगडून बघायचे. बाहेर आलेल्या बायका शेंगाचटणीचे पुडे घ्यायच्या, कुणाला किल्ला दिसायचा, कुणी म्हणायचं आलोच आहोत तर आत जाऊ. चौकातला निम्मा धंदा त्या रांगेवर चालला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आम्ही कंपनी नेमून घालत होतो.

मी प्रत्येक फॉर्मवर 'इतर'च्या चौकोनात खूण केली. पुढची टिंबांची ओळ मात्र रिकामी ठेवली.

का ठेवली, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. वर 'पर्यटन' असा मथळा आणि खाली माझ्या सुवाच्य अक्षरात 'संडास' असं लिहायला माझा हात धजला नाही. साहेब वाचणार, क्लार्क हसणार, "मॅडमनी बरोबर जागा शोधली" म्हणणार. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला आवडलं असतं.

महिन्याभराने त्या फॉर्मांचा पडद्यावर एक रंगीत गोल झाला. त्यात सगळ्यात मोठा तुकडा करड्या रंगाचा होता. साहेबांनी विचारलं, "हे करडं काय आहे?" कंपनीतली मुलगी म्हणाली, "किरकोळ आहे सर, तपशील मिळाला नाही." इतिवृत्त लिहायला मी तिथेच बसले होते. मी लिहिलं: तपशील उपलब्ध नाही.

मग मसुदा प्रसिद्ध झाला. किल्ल्यासमोरची जागा मोकळी करायची, तिथे माणसाहून उंच अक्षरांत शहराचं नाव उभं करायचं, म्हणजे लोक थांबतील आणि फोटो काढतील. संडास काढायचा. नवा, आधुनिक, तलावामागच्या वाहनतळावर, दुसऱ्या टप्प्यात. हरकतींसाठी महिन्याची मुदत होती.

मावशींना हे चादरवाल्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. खाली त्यांची सही होती, एकेक अक्षर सुटं काढलेली. "तुमी लिवा मॅडम. तुमाला त्यातलं समजतंय. माजी ही जागा गेली तर मी परत विड्याच वळायच्या का? बोटं ऱ्हायली न्हाईत आता."

मी लिहिलं. छान लिहिलं, खरं सांगते. अर्जदार विधवा असून उपजीविकेचे अन्य साधन नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. गाड्या इथे या संडासासाठी थांबतात, हे एक वाक्य लिहायचं होतं, ते लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग सर्व्हेत का नाही?

सुनावणीला मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, अर्ज वाचला, आणि समजावलं की कंत्राटी कामगाराचा रोजगार हा आराखड्यावरच्या हरकतीचा विषय होत नाही. मावशींनी ऐकून घेतलं. मग अर्जात नसलेलं वाक्य त्यांनी स्वतःच सांगितलं.

"ते ऱ्हाऊ द्या साहेब. पन गाड्या माज्यापाशी थांबत्यात. मी गेले तर थांबायच्या न्हाईत."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, सर्व्हेत असं काही आलंय?"

मावशीही माझ्याकडे बघत होत्या. दोन दिवस मी त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांच्या तांब्यातलं पाणी प्याले होते.

"नाही सर," मी म्हटलं.

आणि तसं सर्व्हेत खरोखरच नव्हतं.

संडास एका सकाळीत पडला. अक्षरं उभी राहिली, त्यांत दिवेही आहेत. गाड्या त्यांच्यासमोर हळू होतात, आतून एखादा मोबाइल बाहेर येतो, आणि गाड्या पुढे जातात. चादरवाला अक्षरांकडे पाठ करून बसतो. मला लाज वाटत होती, पण ऑफिसात कामं असतात, आणि लाज वाटतच माणूस कामं उरकतो.

काही महिन्यांनी, मी जेवणाच्या सुट्टीत खाली उतरले असताना, अक्षरांपाशी एक जीप थांबली. विजापूरकडच्या चार बायका उतरून इकडेतिकडे बघू लागल्या. त्यांतली थोरली माझ्यापाशी आली. "अक्का, हितं एक बाई बसत होती. कुटं गेली?" बाकीच्या तिघी अवघडून उभ्या होत्या. कशासाठी, ते मला विचारावं लागलं नाही.

मी त्यांना ऑफिसात नेलं. चार बायका, चौघींच्या डोक्यावर पदर, सात-आठ टेबलांमधून माझ्यामागे. खणापाशी जाऊन मी मोठ्याने म्हटलं, "किल्ली द्या." नंतर ती किल्ली मी परत केली नाही, पण तो वेगळा विषय.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली एकटीच जिना चढून आली. तुळजापूरहून परत निघाल्या होत्या. तिने कुंकवाची पुडी आणि पेढे माझ्या टेबलावर ठेवले. "त्या बाईला पोचवा. मागच्या टायमाला देतो म्हनलं होतं."

रविवारी मी कुंभारीला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. बोटं सावकाश चालत होती. आतल्या भिंतीवर तीच फळी ठोकलेली दिसली. पडझडीतून त्यांनी ती तेवढी वाचवून आणली असावी. तिच्यावर काही नव्हतं.

मी पुडी पुढे केली, विजापूरच्या बायकांचं सांगितलं. मावशींनी पुडी कपाळाला लावली. मग विचारलं, "मग कुटं थांबल्या वो त्या?"

"आमच्या ऑफिसच्या संडासात," मी म्हटलं.

माझ्या तोंडून तो शब्द अगदी सहज गेला. समोर कागद नव्हता, साहेब नव्हते.

मावशींनी हात पदराला पुसला, पेढ्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे धरला.

"हे तवा सांगायचं की, मॅडम," त्या म्हणाल्या. "घ्या. परसादाला न्हाय म्हणू ने."

मी घेतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला.