अपेंडिक्सचा वण

माझ्या सख्ख्या मामानं माझ्या सासरच्यांना फसवलं, आणि मला न विचारता त्यात भागीदार करून घेतलं.

मी डोणगावच्या बाजारात मिरची विकते. लग्नाआधीपासून, स्वतःच्या हिमतीवर. मालात ओल असेल तर आधी सांगते, मग दरासाठी भांडते. लग्नाआधी माझ्या अंडाशयावरची पाण्याची गाठ काढली, तिचा वण पोटावर आहे. पाहुणे बघायला आले तेव्हा मी आत साडी नेसत होते. बाहेर मामा सांगत होता, "पोरीचं अपेंडिक्सचं आपरेशन झालं, बाकी काही नाई." मी चहा घेऊन बाहेर आले, तोवर सुपारी फोडायची बोलणी सुरू झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी तर साफ सांगितलं होतं. गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, मूल व्हायलाही बहुधा अडचण येणार नाही. पण अशा गाठी पुन्हा होतात, अधूनमधून सोनोग्राफी करत जा. अचानक जोराची कळ येऊन उलट्या झाल्या तर लगेच या. गाठीला पीळ बसला तर अंडाशय जाऊ शकतं. यात लपवण्यासारखं काय होतं?

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तपासून घेतलं. गाठ परत आली होती. पुढच्या सोनोग्राफीची वेळ टळून गेली. सासरहून मेहकरच्या दवाखान्यात जायचं तर कारण सांगावं लागतं, आणि नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही, सगळं आईच्या कानावर जातं.

परवा भाकरी थापताना उजव्या कुशीत कळ आली. सासूनं मला बाजूला बसवलं, शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. चांगली बाई आहे. मग म्हणाली, "तुयं अपेंडिक्स त काढलं ना बाई? मंग तिथंच काऊन दुखून राह्यलं?"

बाजारात मला कोणी गप्प करून दाखवावं. त्या दिवशी मी तव्याकडं बघत राहिले. भाकरी जळली.

कळ ओसरल्यावर मामाला फोन लावला.

"आता काऊन उकरून राह्यली? एखादं लेकरू होऊ दे, मंग सांगू. नाईतर ते म्हणतीन, खराब माल गळ्यात मारला."

"मले माल तुम्हीच केलं, मामा."

"तोंड लय चालते तुयं," म्हणाला आणि फोन ठेवला.

आता मी खरं सांगितलं तर खोटं माझ्याच नावावर चढेल. गप्प राहिले तर गाठ वाढतेय की विरतेय, तेही कळणार नाही. म्हणून मामानं इथं यावं, माझ्या सासूसमोर बसावं, आणि तिनं मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या तोंडानं द्यावं. पुढची कळ यायच्या आत.