न्यूयॉर्कच्या सराफकट्ट्यावर भाऊसो

नाव : भाऊसो ज्ञानू साळुंखे. राहणार : विट्याच्या पूर्वेकडचं एक कोरडं गाव, तालुका खानापूर, जिल्हा सांगली. व्यवसाय : सोने-चांदी गलाई, हल्ली निवृत्त. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या बोटांवर तेजाबाचे डाग. प्रवासाचं कारण, व्हिसाच्या अर्जाप्रमाणे : मुलीची भेट. प्रवासाचं कारण, गावच्या फ्लेक्सप्रमाणे : 'न्यूयॉर्क महानगर सराफ बाजार पाहणी दौरा'.

फ्लेक्सचा मजकूर भाऊसोंचे दोस्त, पलटणीतून निवृत्त झालेले ज्योतिबा सुभेदार यांचा होता, म्हणजे चेष्टेचा होता. पण फोटो चांगला आल्यामुळे भाऊसोंनी मजकूर चालवून घेतला.

या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर जाऊन जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करून देतात. कुठल्याही शहरात सराफकट्ट्याच्या मागच्या जिन्यानं वर गेलं की एक काळवंडलेली खोली लागते आणि आत कुणीतरी आपल्या भाषेत खोकत असतो. भाऊसोंचं आयुष्य कानपूरला अशाच खोलीत गेलं. त्या आयुष्याचं सार त्यांनी एका वाक्यात बसवलं होतं : "ज्या गावात सराफकट्टा, त्या गावात आपला माणूस." या वाक्याच्या जोरावर त्यांनी जन्मात कधी लॉजचं तोंड पाहिलं नाही. गुवाहाटी असो की मदुराई, सराफकट्ट्यात विचारायचं आणि भाकरीला बसायचं. गावातल्या कितीतरी पोरांना त्यांनी पत्ता न देता, नुसतं हे वाक्य देऊन परमुलखात धाडलं होतं. पोरं पोचलीही होती.

निघायच्या आदल्या दिवशी पारावर ज्योतिबा म्हणाले, "गड्या, न्यूयॉर्कात आपला माणूस घावला न्हाई, तर ते वाक्य बंद. परत कुण्या पोराला सांगायचं न्हाई."

"बंद," भाऊसो म्हणाले. हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की विमानात त्यांना झोप आली नाही.

मुलगी अपेक्षा न्यू जर्सीला असते. तिनं शनिवार-रविवार न्यूयॉर्क दाखवायचं ठरवलं होतं. शनिवारी सकाळी बोटीतून स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याकडे नेलं. सगळे वर बघत होते. भाऊसो जावयाला विचारत होते, "राजवर्धनराव, हितला सराफकट्टा कुठल्या अंगाला?"

"आवं, त्या बाईच्या हातातली दिवटी तरी बघा," भाऊसोंच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या.

भाऊसोंनी बघितली. "बाई तांब्याची हाय. ज्योतीवर तेवढा सोन्याचा वर्ख दिसतोय."

"ते गाळायचं न्हाई, सांगून ठेवते."

दुपारी भाऊसोंच्या हट्टापायी सगळे सराफांच्या गल्लीत गेले, तर बहुतेक शटर खाली. शनिवारी ज्यू मंडळी दुकानं उघडत नाहीत, असं राजवर्धननं सांगितलं. अपेक्षाला वाटलं, विषय मिटला. भाऊसोंचा चेहरा उलट उजळला. "वारानं बंद ऱ्हातोय म्हंजी खरा बाजार हाय. उद्या येऊ."

"अप्पा, उद्या म्युझियमची तिकिटं काढलीत."

"तुमी जावा की. मी काय हरवतोय व्हय?"

यावर लीलाबाईंनी जावयाकडे नुसतं पाहिलं. रविवारी मायलेकी म्युझियमला गेल्या आणि राजवर्धन सासऱ्याबरोबर.

भाऊसो दुकानामागून दुकान कानपुरी हिंदीत विचारत निघाले, "भैया, सांगलीवाला कोई है?" एका दाढीवाल्यानं त्यांना अंगठ्या दाखवल्या. एका गुजराती हिरेवाल्यानं पाणी दिलं, "सांगली तो नहीं, काका" म्हणाला, आणि गलाईसाठी समोरच्या इमारतीत वर जायला सांगितलं.

लिफ्टचं दार उघडलं आणि तेजाबाचा वास आला. भाऊसो जावयाला मागं टाकून चालू लागले. खोलीत भट्टीसमोर एक माणूस बसला होता : सावळा, बुटका, मिशा झुपकेदार, डोक्याला रुमाल. राजवर्धन पटकन म्हणाला, "मामा, घावला." 'घावला' हा गावाकडचा शब्द त्याच्या तोंडून लग्नानंतर प्रथमच निघाला होता.

"कुठलं गाव, पाव्हणं?" भाऊसोंनी विचारलं. माणूस गोड हसला. तो इक्वेडोरचा निघाला.

इथं दोन संस्कृतींचं मीलन वगैरे व्हायला हरकत नव्हती. पण त्याच्या भट्टीवर धूर ओढून घेणारं यंत्र होतं आणि भाऊसो त्याच्याकडेच बघत राहिले. कानपूरच्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. माणसानं त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं, कागदी पेल्यातली कॉफी दिली. भाऊसो बसले.

तेवढ्यात पारावरून व्हिडिओ कॉल आला.

"घावला का?" ज्योतिबांनी विचारलं, आणि मागचा माणूस दिसताच फोन डोळ्याला लावला. "आयला. ह्यो कुणाचा रं? नाकावरनं तर आपल्या तालुक्यातलाच वाटतोय."

माणसानं हात हलवला. पारावर कुणीतरी म्हणालं, "वळखतोय की त्यो आपल्याला." भाऊसोंनी आता फक्त गप्प बसायचं होतं. राजवर्धनही खिडकीबाहेर बघू लागला. साक्षीदार व्हायला तो तयार नव्हता, पण आड येणारही नव्हता.

भाऊसोंनी कॉफीचा घोट घेतला. एखादा पोरगा उद्या खरंच इथवर आला तर जिना चढून या माणसापुढे उभा राहणार होता, भाकरी मागायला.

"ह्यो आपला न्हाई," ते म्हणाले. "लांबचा हाय. आपलं कुणी न्हाई हितं."

"मग वाक्य बंद?"

"बंद कशापायी? मी बसलोय की हितं."

पलटणीत हुज्जत घालण्यात आयुष्य घालवलेल्या ज्योतिबांना हा मुद्दा नवा होता. ते म्हणाले, "तू तिथनं कवा उठणार?"

"चारला बस हाय."

"मग चारपर्यंत तुझं खरं."

चारची बस वेळेवर सुटली.