अर्धी दाढी

अकोल्यातला माझा न्हावी कुणाशीच वाद घालत नाही. कात्री वाजवत प्रत्येकाला म्हणतो, "तुमचंबी बराबर हाये." कॉलेजात नीतिशास्त्र शिकवणारा मी त्याला चिडवायचो, "सगळेच बरोबर कसे?" तो हसायचा, "घराघरचा कायदा येगळा, सर."

काल दाढीला बसलेलं एक गिऱ्हाईक फुशारकीनं म्हणालं, "बायकोले दोन कानाखाली ठेवून देल्या. आमच्याकडं चालते."

वस्तरा थांबला. अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि यानं त्याच्या अंगावरचं फडकं ओढून घेतलं! "उठा. हे कुठंच चालत नाही!"

मी बाकावरून ताडकन उभा राहिलो. वीस वर्षं वर्गात दोन्ही बाजू मांडल्या. असा आनंद एकदाही झाला नव्हता!

गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी चौकात गेलं. "या सर," तो म्हणाला. त्यानं वस्तरा पुसून पुन्हा उघडला. मी खुर्चीत बसलो आणि मान वर करून गळा पुढे केला.