पाणी फेकायला लावणारे मामा

गणपतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला घरी होतो. आठ दिवसांनी नळ आला होता आणि पिंपं भरायचं काम माझ्याकडे होतं. फोन कानाला धरून मी नुसताच उभा... पिंप भरून वाहिलं, अंगणात तळं झालं. आई ओरडत आली, माझं तोंड बघितलं आणि नळी दुसऱ्या पिंपात टाकली. आमच्या गल्लीत पाणी सांडणाऱ्याला एवढी माफी कधी मिळालेली नाही.

मामा नात्यातले नव्हेत; नांदेडला विद्यापीठात, आमच्या पर्यावरणशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मूळचे लोह्याचे. मी लातूरच्या कॉलेजातून दुसऱ्या सत्राला ट्रान्सफर घेऊन तिथं गेलो. विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, गोदावरीच्या पाण्याचा प्रकल्प जमला तरच लातूरचं सत्र धरू, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून म्हणजे वडील परत बोलावणार, हे ठरलेलं. रेणापूरला काकांचं कीटकनाशकांचं दुकान आहे. तिथली खुर्ची माझ्यासाठी पुसूनच ठेवली होती. पर्यावरणाची एवढी सेवा माझ्याच्यानं झाली नसती. हे रडगाणं मी मामांनाही ऐकवलं होतं.

नियम साधा. प्रत्येक ठिकाणी तिथल्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, ते पाणी फेकायचं, मग नमुना भरायचा. पण लातूरच्या माणसाचा हात पाणी फेकायला उठतच नाही हो! नाल्याच्या तोंडाशी पहिली बाटली विसळली, ते पाणी दुसरीत ओतलं, दुसरीतलं तिसरीत, असं करत शेवटपर्यंत. शेवटची बाटली शहराच्या वरच्या अंगाच्या स्वच्छ पाण्याची. तिच्या तळाशी दोन बोटं उरलं होतं, तेही जपलं आणि त्यावरच नमुना भरला. तपासणीत वरची नदी नाल्याइतकीच घाण निघाली. मी गप्प बसावं की नाही? दोन पानं कारणमीमांसा लिहिली. मॅडमनी ती वाचून विचारलं, "नदी उलटी वाहायला लागली का?"

मामांनी बाहेर गाठलं. "लातूरकर, बाटल्या कशा इसळल्या?" मी सांगितलं, तसे पोट धरून हसले. "पानी वाचवून राहिला व्हय? नदीवर? लई हुशार हायस लेका!"

अहवाल जमा करायला तीन दिवस उरले होते. मी म्हणालो, "मामा, वरचा आकडा जरा कमी करून लिहितो. कोण बघतंय?"

हसू थांबलं. "लिही की. न्हाई कोन म्हनतं? मग उद्याच रेणापूरची गाडी धर. काकाच्या दुकानात कुनी इचारत न्हाई नदीत काय हाय ते."

दुसऱ्या दिवशी रविवार. मामा प्रत्येक ठिकाणी गुडघा धरत खाली उतरले आणि काठावर बसले. "फेक... पुन्हा फेक... आरं, तुझ्या आज्याची इस्टेट हाय का? फेक!" सहा ठिकाणं, अठरा वेळा. दर वेळी फेकलेल्या पाण्याकडं मी वळून बघायचो. पण आकडे सरळ आले आणि मॅडमनी सही केली. मी पेढे नेले, तर मामा म्हणाले, "पेढे ठिव तिकडं. बाटल्या कोन धुनार, तुझा काका?"

आता शेवटच्या सत्राचा प्रबंध चालू आहे. प्रयोगशाळेच्या दाराशी मामा ज्या स्टुलावर बसायचे, त्यावर अजून कुणी बसत नाही. मागच्या आठवड्यात एकटाच नदीवर गेलो. पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या बाटलीत हवा राहिली, तर आकडा खोटा येतो. झाकण लावलं, उलटी करून पाहिली... आत मुगाएवढा बुडबुडा. वर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "झालं का साहेब?"

"न्हाई," मी ओरडलो, "अजून एकदा."

बाटली पालथी केली आणि पुन्हा पाण्यात उतरलो.