हे कुठल्या पायऱ्या चढून आले?

मंडळी, मी रोज देवाला फूल वाहते, पण चमत्काराच्या गोष्टी निघाल्या की चहा टाकायला उठून जाणारी बाई मी. आमच्या चिपळूणकडे दर वळणावर कुणाला तरी काहीतरी दिसलेलं असतं... मला साठ वर्षांत काही दिसलं नाही. शाळा सातवीपर्यंतच झालीय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. जसं झालं तसं सांगते.

माझा मुलगा नितीन जेद्दाला अल अझीझियात राहतो. पाच मजल्यांची बिल्डिंग, आम्ही दुसऱ्यावर. मी आणि आमचे हे व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे गेलो होतो. महिनाही झाला नसेल, नितीनला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. काचेच्या बाहेर उभं राहून ह्यांनी नवस बोलला – "बालाजी, पोरगा उठू दे. तिरुपतीचा डोंगर खालपासून वरपर्यंत पायी चढेन." साडेतीन हजार पायऱ्या! आणि माणसानं जन्मात तिरुपती पाहिलेलं नाही. दर वर्षी आपलं – पुढच्या वर्षी जाऊ.

नितीन उठला. आणि दीड महिन्यात हे पडले. हार्ट. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, एवढ्यात विमानात बसायचं नाही.

तेव्हापासून ह्यांना झोप नाही. "नवस मी बोललो, पण राहिला तर पोराला लागेल गं."

"काही लागत नाही. देवाला तुमचे रिपोर्ट दिसत नाहीत होय?"

"माझे दिसतात, तसे नितीनचेही दिसत असतील," म्हणाले.

मी उठून चहा टाकला.

त्या दिवशी नितीन ड्युटीवर होता, सूनबाई नातीला घेऊन माहेरी, इंडियाला. सकाळी दहाच्या सुमाराला हे म्हणाले, "जिन्यात जरा पाय मोकळे करतो." रोज एक मजला वर, एक खाली, एवढंच करायचे. अर्धा तास झाला, आले नाहीत. मी खाली गेले. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे आपला वॉचमन, बशीरभाई, बांगलादेशचा. दारातच फरशी पुसत बसला होता. "चाचा ऊपर गया, अम्मा. नीचे नहीं आया."

दोघं लिफ्टनं वर गेलो. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली बशीरभाईच्या कमरेला. उघडून पाहिलं – पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि भाजणारं ऊन. माणूस नाही. येताना जिना उतरत प्रत्येक दाराची बेल वाजवली. कुणाकडे नाहीत. नितीनला फोन केला आणि आमच्या दारासमोर जिन्यातच बसकण मारली. अंगाशी मोबाईल घट्ट धरलेला, तोंडात नाव नाही देवाचं.

दुपारची बांग होऊन गेली होती. वरून पावलं वाजली. कठडा धरून, एकेक पायरी, हे उतरत होते.

"पाय घे गं बाजूला," म्हणाले. जसे काही वाण्याकडून येताहेत!

"अहो, होतात कुठे?"

"झालं."

"काय झालं?"

"पायऱ्या झाल्या. शेवटचा चढ फार उभा. लोक गुडघ्यांवर चढत होते, मीही तसाच चढलो. दर्शन नाही घेतलं हं. दर्शन बोललो नव्हतो, चढण्याचंच बोललो होतो."

चेहऱ्यावर आनंद नव्हता, मंडळी. रिकामा झाला होता माणूस. आणि लेंग्याचे दोन्ही गुडघे... हळदकुंकवानं माखलेले, कापड विरलेलं. तिथे बायका पायरी पायरीला हळदकुंकू लावत चढतात, हे मला मागाहून कळलं. आमचा जिना मात्र पांढरा शुभ्र होता. बशीरभाईनं माझ्यादेखत प्रत्येक पायरी पाहिली. "कुछ नहीं है, अम्मा," म्हणाला आणि स्वतःच खाली बसला.

नितीन आला तो ओरडतच. "बाबा, काय चाललंय तुमचं? मरायचंय का?"

"आता चालेल," हे म्हणाले.

मी काय करावं? मळका लेंगा दिसला, तो भिजत घातला! चाळीस वर्षांची सवय हो. साबण लागला तशी हळद लाल झाली, आणि बाल्कनीतल्या त्या जेद्दाच्या उन्हात संध्याकाळपर्यंत पार उडून गेली. फोटो नाही, काही नाही. स्वयंपाकघरातली हळद कमी झालीय का, हे पाहायचंही सुचलं नाही. नितीन अजून तेच विचारतो.

बाराव्या दिवशी हे गेले. कागदपत्रं व्हायला नऊ दिवस लागले. विमानात बसायचं नाही म्हणाले होते डॉक्टर... शेवटी विमानानंच आले, पेटीतून.

वर्षश्राद्धानंतर नितीननं सुट्टी काढली, मला घेऊन तिरुपतीला गेला. डोंगराच्या पायथ्याशी पहिल्या पायरीपाशी त्यानं चपला काढल्या, पँट वर दुमडली. "आई, तू बसनं ये. मी चढतो."

"कशाला?"

"बाबांचं राहिलंय ना. त्यांना भ्रम झाला होता, आई. टाकीमागे बसले असतील."

"गच्चीला कुलूप होतं."

"मग दुसरं काहीतरी. पण राहिलं असेल तर?" अगदी बापासारखंच बोलला. तेव्हा कळलं, हाही वर्षभर झोपला नव्हता.

मी म्हटलं, "नितीन, तू चढलास तर बाप खोटा पडेल. ते चढलेत. मी सांगते."

पोरानं वाकून पायरीला हात लावला. मग चपला घातल्या आणि दोन तिकिटं काढून आला. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला, लहानपणी झोपायचा तसा.

ते दोन-अडीच तास हे कुठे होते, मला आजही ठाऊक नाही. कुणाला उमगलं तर सांगा. पहिल्या पायरीशी मी छातीठोक बोलले खरी... पण ते पोरासाठी. नवस फिटला असं मी माझ्या तोंडानं म्हटलंय. खोटं निघालं तर त्याचं काय लागायचं ते मला लागू दे, पोराला नको. एवढंच मी वर रांगेत उभी राहून मागितलं.